अनुदान मुळापर्यंत आणि जाळ्याच्या खोल्यापर्यंत जाऊ द्या

प्रति,
मा. मंत्री, कृषी व शेतकरी कल्याण,
मा. मंत्री, रसायने व खते,
मा. मंत्री, मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: शाश्वत शेती व मासेमारीच्या राष्ट्रीय धोरणात अनुदान कोणत्या टप्प्यावर द्यावे, याबाबत

महोदय,

एकाच गोष्टीसाठी तीन मंत्रालयांना पत्र लिहावे लागते, यातच निम्मे दुखणे सांगून झाले. भातखाचरात टाकलेला युरिया खत विभागाच्या वहीत विक्री म्हणून चढतो. त्यावर आलेले भात कृषी मंत्रालयाच्या वहीत उत्पादन म्हणून चढते. जे नत्र (नायट्रोजन) पिकाला लागलेच नाही आणि पहिल्या झोडपणाऱ्या पावसात बांधावरून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत गेले, ते कोणाच्याच वहीत नसते. त्याच खाडीत पावसाळ्यात माशांची पिल्ले वाढत असतात आणि मत्स्यव्यवसाय विभाग त्यांच्यासाठी मासेमारी बंद ठेवून बसलेला असतो.

आमचे म्हणणे एकच आहे. आज अनुदान खरेदीच्या टप्प्यावर मिळते: पोते विकले गेले की, डिझेल भरले की, बोट बांधली की. जमीन आणि समुद्र टिकणार की नाही, हे मात्र त्याच्या पुढच्या एका हातकामावर ठरते. खत किती खोल गेले, जाळे ओढताना त्याच्या शेवटच्या पिशवीचा, म्हणजे खोल्याचा, आस (जाळीचे छिद्र) उघडा राहिला का, मासा बर्फात किती लवकर गेला. या हातकामासाठी धोरणात पैसा नाही आणि ते मोजण्याची सोयही नाही. खाली जे मांडले आहे ते याच अंगाने वाचावे.

सुरुवात युरियापासून. 45 किलोचे पोते करांसह 266 रुपये 50 पैशांना मिळते. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. शेतकऱ्याला एक किलो नत्र साधारण 13 रुपयांना पडते. आता 1350 रुपयांचे 50 किलोचे डीएपी घ्या. त्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद (फॉस्फेट). नत्राची किंमत युरियाच्या भावाने वजा केली तर स्फुरद किलोला 53 रुपयांच्या पुढे जाते. 1 एप्रिल 2010 पासून स्फुरद आणि पालाशाला (पोटॅशला) अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू झाले, युरिया मात्र त्यातून बाहेर राहिला. तेव्हापासून शेतकऱ्यासमोर हा असा तराजू आहे. मग तो युरिया जास्त टाकतो म्हणून त्याला प्रबोधनाची शिबिरे घ्यायची, हा प्रकार थोडा विनोदीच आहे. भाव पाहून तो बरोबरच वागतो आहे.

पोत्यातले नत्र जाते कुठे, ते जवळून पाहू. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत वाफशावर, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, युरिया फोकून दिला की जमिनीतले युरिएज हे विकर त्याचे अमोनियम कार्बोनेट करते. दाण्याभोवतीचा सामू (पीएच) चढतो आणि अमोनिया वायू होऊन उडतो. उबदार, ओलसर दिवसांत हे दोन ते चार दिवसांत उरकते. खत टाकल्यावर लगेच चांगला पाऊस आला किंवा पाणी दिले तर युरिया आत मुरतो आणि वाचतो. नुसती पृष्ठभागाला ओल असेल आणि पुढे उघडीप पडली, तर ती सगळ्यांत वाईट अवस्था. आपल्याकडे कपाशीला किंवा मक्याला वरखत देण्याची वेळ बरोबर अशाच उघडिपीत येते, कारण चिखलात शेतात शिरता येत नाही.

इथे कडुनिंबाच्या लेपाबद्दल एक गैरसमज धोरणातच शिरला आहे. 2015 मध्ये देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबलेप सक्तीचा झाला. शेतीचा युरिया इतर कारखान्यांकडे वळवणे त्यामुळे अवघड झाले, हा फायदा खरा. पण निंबलेप अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे युरियाचा अमोनिया होणे, तो अडवत नाही. जमिनीच्या वर पडलेला निंबलेपित युरियाही उडतोच. लेप दिला म्हणजे गळती थांबली असे धरून पुढची आखणी करू नये.

नॅनो युरियाचेही गणित कागदावर मांडून पाहावे. 2021 मध्ये आलेल्या पहिल्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत 4 टक्के नत्र होते, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम. पोत्यात 20 किलो 700 ग्रॅम. पानावर फवारलेले नत्र जमिनीतल्यापेक्षा चांगले लागते, हे मान्य. पण हजारपटीचा फरक शोषणाच्या कार्यक्षमतेने भरून निघत नाही. एका बाटलीने एक पोते वाचते असे धरून मागणीचे अंदाज बांधले, तर ऐन हंगामात टंचाई ओढवून घेतल्यासारखे होईल.

नत्र वाचवण्याची खात्रीची पद्धत कोकणातल्या भातखाचरात कित्येक वर्षांपासून माहीत आहे. डॉ. ना. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री लागवडीत युरिया आणि डीएपी मिसळून दाबलेल्या 2.7 ग्रॅमच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट वापरतात. लावणी 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर, खुणा बांधलेल्या दोरीने करायची. चार चुडांचा (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांचा) 15 बाय 15 चा चौकोन तयार होतो. त्याच्या मधोमध एक ब्रिकेट हाताने 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात खुपसायची. दर 40 बाय 40 सेंटिमीटरला एक ब्रिकेट, म्हणजे हेक्टरी 62,500 ब्रिकेट, वजन सुमारे 169 किलो. मिश्रणात 60 भाग युरिया आणि 40 भाग डीएपी असेल तर यातून हेक्टरी साधारण 59 किलो नत्र आणि 31 किलो स्फुरद जाते. एकदाच द्यायचे, पुन्हा वरखत नाही.

खोलीला एवढे महत्त्व का? खाचरातल्या चिखलाचा वरचा पातळ थर प्राणवायूचा असतो, खालचा बिनप्राणवायूचा. वर पडलेल्या नत्राचे नायट्रेट होते, ते खाली झिरपते, आणि खालच्या थरात त्याचा वायू होऊन निघून जातो. उभ्या पाण्यात शेवाळ असेल तर दुपारी पाण्याचा सामू चढतो आणि अमोनियाही उडतो. 7 ते 10 सेंटिमीटरवर मात्र अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून राहते आणि मुळे तिथपर्यंत पोहोचतात. ब्रिकेट 3 सेंटिमीटरवर अडकली तर सगळी मेहनत फुकट.

मग ही पद्धत सगळीकडे का पसरली नाही? एकरी जवळपास 25,000 ब्रिकेट हाताने खुपसायच्या असतात आणि लावणीच्या दिवसांत मजूर आधीच मिळत नाहीत. हे काम लावणी झाल्या झाल्या, चिखल मऊ असतानाच करावे लागते. दोन दिवसांनी चिखल बसला की बोट आत जात नाही आणि ब्रिकेट वरच राहते. युरिया आणि डीएपीचे मिश्रण दोन्ही खतांपेक्षा जास्त ओल ओढते. मेमध्ये दाबलेल्या ब्रिकेट प्लॅस्टिकच्या अस्तराच्या पिशवीत नीट बंद केल्या नाहीत तर जूनच्या दमट हवेत त्यांचा लगदा होतो. रेताड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत नत्र खाली निघून जाते, तिथे ही पद्धत वापरूच नये. अंतर न पाळता केलेल्या लावणीत ब्रिकेट कुठे घालायची तेच कळत नाही. पिकाच्या दृष्टीने पद्धत चोख आहे. अडते ते मजुरीत आणि साठवणीत. या दोन्ही जागी सरकारचा एक पैसा पोहोचत नाही. विक्रेत्याने विक्री नोंदवण्याच्या पॉस यंत्रावर पोते नोंदवले की कंपनीला अनुदान मिळते आणि तिथेच सरकारी साखळी संपते. पुढे पोते बांधावर ओतले तरी अनुदान तेवढेच.

कोरडवाहू शेतीत याच तत्त्वाचे रूप म्हणजे दोन चाड्यांची पाभर, हे पेरणीचे अवजार. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि खताचा फण बियाण्याच्या 5 सेंटिमीटर बाजूला व 5 सेंटिमीटर खाली चालेल असा बसवलेला. बी आणि खत एकाच नळीतून सोडले तर खताच्या क्षारांनी कोंब जळतो, उगवण विरळ होते आणि शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा फोकण्याकडे वळतो. अवजारांवर अनुदान आहे, पण ते अवजार विकत घेताना मिळते. फणांमधले अंतर तपासून दिले का, नळ्या मातीने तुंबतात तेव्हा काय करायचे ते दाखवले का, हे कोणी विचारत नाही. अवजारे भाड्याने देणाऱ्या अवजार बँकेला प्रत्यक्ष पेरून दिलेल्या एकरांवर पैसे मिळाले, तर हे प्रश्न ती स्वतःच विचारू लागेल.

मृद आरोग्य पत्रिकेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कल्पना चांगली असून अंमलबजावणीत ती पातळ झाली. 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातल्या सुरतगडला योजना सुरू झाली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बागायतीत 2.5 हेक्टरला एक आणि जिरायतीत 10 हेक्टरला एक नमुना. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातले सरासरी धारणक्षेत्र 1.08 हेक्टर निघाले. म्हणजे जिरायतीतल्या नऊ शेतकऱ्यांना एका मातीची पत्रिका. त्यात एकाची जमीन माळावरची मुरमाड आणि दुसऱ्याची ओढ्याकाठची भारी असेल, तर पत्रिका दोघांच्याही कामाची नाही.

नमुना घेण्यातही चुका ठरलेल्या आहेत. व्ही आकाराचा खड्डा 20 ते 22 सेंटिमीटर खोल घ्यायचा, कडेची दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने कापायची, शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी हेच करायचे. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. प्रत्यक्षात नमुना बांधालगत, झाडाखाली, किंवा खत दिल्यानंतर आठवड्याभरात घेतला जातो, आणि भरायला युरियाचेच रिकामे पोते वापरतात. मग नत्र 'भरपूर' निघाले तर आश्चर्य कसले?

त्याहून मूळ अडचण अशी की नत्र ही पत्रिकेवर छापून तीन वर्षे भिंतीला लावण्याची गोष्ट नव्हे. ते हंगामात, कधीकधी आठवड्यात बदलते. बऱ्याच प्रयोगशाळा तर नत्र थेट मोजत नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाज काढतात. सामू, चुना, क्षार, स्फुरद, जस्त, लोह हे हळू बदलतात, त्यांच्यासाठी पत्रिका योग्य आहे. नत्रासाठी भातात लीफ कलर चार्ट नावाची प्लॅस्टिकची साधी पट्टी आहे, हिरव्या रंगाच्या चढत्या छटांची. लावणीनंतर 14 दिवसांपासून दर 7 ते 10 दिवसांनी, सकाळी, आपल्या अंगाची सावली पानावर पाडून, वरचे पूर्ण उघडलेले पान पट्टीवर धरायचे. अशी दहा झाडे पाहायची. दहापैकी सहा किंवा जास्त पाने ठरलेल्या छटेपेक्षा फिकी असतील तरच नत्र द्यायचे. बहुतेक लावणीच्या जातींना ही छटा 4 क्रमांकाची असते. भर उन्हात पाहिले तर पान फिके वाटते आणि विनाकारण खत जाते. ही पट्टी प्रत्येक भातउत्पादकाच्या हातात देण्याचा खर्च युरियाच्या अनुदानापुढे नगण्य आहे. ब्रिकेट जमत नाही तिथे निदान हे तरी व्हावे.

बचतीचे बक्षीस कसे मोजता, तेही पाहा. 2023 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-प्रणाम योजनेत राज्याचा रासायनिक खतांचा खप मागच्या तीन वर्षांच्या सरासरीखाली आला, तर वाचलेल्या अनुदानाचा अर्धा भाग राज्याला मिळतो. हेतू उत्तम. पण दुष्काळ पडला की खप आपोआप घसरतो, कारण लोक पेरतच नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला की तो पुन्हा चढतो. मोजायचेच असेल तर खोल दिलेल्या खताखालचे क्षेत्र मोजा. त्यात केवळ दुष्काळाने पेरणी घटली म्हणून बक्षीस मिळत नाही.

खात्यांनी एकमेकांकडे न पाहता चांगले निर्णय घेतले तर काय होते, याचे उदाहरण पंजाबात आहे. 2009 मध्ये तिथे भूजल वाचवण्यासाठी कायदा झाला आणि भाताची लावणी 10 जूनच्या आधी करायला बंदी आली. भूजलाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता: मेच्या उन्हात उभ्या पाण्याचे बाष्पीभवन टळले. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, गव्हाची पेरणी मात्र नोव्हेंबरच्या पुढे सरकू शकत नाही. मधला अवधी आखडला, कंबाइनने कापलेल्या भाताचे खुंट शेतात उभे, आणि सर्वांत झटपट उपाय काडीपेटी. खुंटांमधून थेट गहू पेरणारी यंत्रे कायद्याबरोबरच, लावणीची तारीख बदलण्याच्या हंगामातच गावात उभी राहायला हवी होती. भात-गव्हाच्या हमीभावाच्या खरेदीने त्या पट्ट्याला दुसऱ्या पिकाकडे पाहूच दिले नाही, हे तर सर्वांना माहीत आहे.

आता समुद्राकडे.

बोटीमागे ओढायच्या ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, जिथे मासळी साठते, आपल्या किनाऱ्यावर खोला म्हणतात. मासा सुटणार की मरणार हे जवळजवळ पूर्णपणे या शेवटच्या दोन-चार मीटर जाळीवर ठरते. नेहमीच्या जाळीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढले जाते आणि खोल्यात वजन येते तसा हा आस ताणून मिटतो आणि त्याची फट उरते. किनाऱ्यावर हातात धरून पाहिला तर 40 मिलिमीटरचा आस ऐसपैस दिसतो. पाण्याखाली, मासळीच्या ढिगाच्या लगेच पुढचा फुगवटा सोडला, तर तो बंद असतो. चौकोनी आसात ताण फक्त लांबीच्या धाग्यांवर येतो, आडवे धागे मोकळे राहतात, त्यामुळे 20 बाय 20 मिलिमीटरचे छिद्र शेवटपर्यंत उघडे राहते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने म्हणूनच 40 मिलिमीटर चौकोनी आसाचा खोला सुचवला. पाणी सहज निघून जात असल्याने ओढ कमी होते आणि डिझेलही वाचते.

तो बनवायला नवे यंत्र लागत नाही. तीच जाळी 45 अंशांत वळवून, धाग्याच्या रेषेत कापून, तिची नळी शिवायची. बिघडते ते बारकाव्यात. साध्या गाठीच्या पॉलिथिलीन जाळीत आडव्या धाग्यांवर ताण नसल्याने गाठी सरकतात, आस वेडावाकडा होतो आणि महिन्याभरात कुठे मोठा, कुठे छोटा. त्यामुळे बिनगाठीची किंवा गाठी पक्क्या बसवलेली, थोड्या जाड सुताची जाळी घ्यावी लागते. पोटाकडच्या शंकरपाळी आसांना चौकोनी बाजू जोडताना प्रमाण चुकले, तर खोला एक तर चुरगळून आस झाकले जातात, नाहीतर शिवणीवर फाटतो. फाटला की तांडेल (बोटीचा प्रमुख) पुन्हा जुनाच खोला लावणार. त्याला दोष कसा द्यायचा?

चोरवाटाही सर्वांना ठाऊक आहेत. चौकोनी खोल्याच्या आत बारीक जाळीचे अस्तर. बाहेरून दुसरा खोला, आस एकमेकांवर तिरके येतील असा. घासू नये म्हणून लावलेले आवरण, जे निम्मे आस झाकते. समुद्रात 12 सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द आणि पुढे केंद्राची, अशा पसाऱ्यात गस्ती नौकेने प्रत्येक खोला वर काढून पाहणे शक्य नाही. एक लाख बोटींना ट्रान्सपाँडर (बोटीचे ठिकाण कळवणारे यंत्र) बसवण्याचा 364 कोटींचा प्रकल्प वादळाच्या इशाऱ्यासाठी उत्तम आहे. बोट कुठे आहे ते तो सांगेल, पण खोल्यात काय शिवले आहे ते त्याला दिसत नाही.

जाळी तपासण्याची जागा किनाऱ्यावर आहे. ट्रॉलर हजारो आहेत, पण खोला शिवणारे कारागीर आणि जाळी विकणारी दुकाने प्रत्येक बंदरात मोजकी. त्यांना प्रमाणित करा, शिवलेल्या खोल्यावर क्रमांकाची पट्टी बसवा. 35 मिलिमीटरखालची ट्रॉल खोल्याची जाळी विकलीच गेली नाही, तर समुद्रात पाठलाग करण्याचे काम निम्म्याने कमी होईल. आस कसा मोजायचा तेही नियमात लिहा: ओला, ताणून, गाठीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, पाचरीच्या मापाने, सलग वीस आसांची सरासरी. आज एक निरीक्षक गाठीच्या मध्यापासून मोजतो, दुसरा कोरड्या जाळीवर फूटपट्टी धरतो, आणि प्रकरण दंडापर्यंत गेले की तिथेच अडकते.

पहिल्या एक-दोन हंगामांत मच्छीमाराचे नुकसान होणार, हे प्रामाणिकपणे मान्य करा. बारीक कोळंबी आणि फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) गाडीत जाणारी चिल्लर मासळी सुटून जाईल. त्या गाडीच्या पैशावर अनेकांचा फेरीचा डिझेल खर्च निघतो. राज्ये डिझेलवरच्या करात परतावा किंवा सूट देतात, ती लिटरवर. जो जास्त तास ओढतो त्याला जास्त मिळते. हाच पैसा बोटीमागे ठराविक ठेवा आणि तपासलेला खोला लावणाऱ्यालाच द्या. सरकारचा खर्च वाढत नाही, फक्त जास्त तास ओढण्याचे बक्षीस थांबते आणि चांगल्या खोल्याचे सुरू होते.

हा नियम डोलीला लावू नका. डोलजाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभे असते आणि त्यात बोंबील, जवळा येतो. जवळ्यासाठी आस बारीकच लागतो. तिथे जागा आणि महिने ठरवणे उपयोगाचे, आस नव्हे. एकच माप सगळ्या जाळ्यांना लावले की लहान मच्छीमाराला वाटते कायदा आपल्यावरच आला, आणि मग मोठ्या ट्रॉलरवाल्यांच्या मोर्चात तोही उभा राहतो.

किमान आकाराचे नियमही देशभर एकसारखे हवेत. केरळने 58 जातींसाठी, महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी विक्रीयोग्य लांबी ठरवली. शेजारच्या राज्याच्या बंदरावर तीच लांबी लागू नसेल तर छोटा पापलेट रात्रीत ट्रकने सीमा ओलांडतो. समुद्रात मासे राज्य पाहून पोहत नाहीत, हे तर जुनेच. लांबी तपासायची ती पहिल्या लिलावात आणि फिशमील कारखान्याच्या वजनकाट्यावर. खरेदीदाराला दंड झाला तरच पकडणारा जाळे बदलेल.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची बंदी चांगली आहे, तिला हात लावू नये. पण 1 ऑगस्टला सगळ्या बोटी एकदम, जुन्याच खोल्याने बाहेर पडतात आणि बंदीत वाढलेली पिल्ले पहिल्या पंधरवड्यात किनाऱ्यावर येतात. दोन महिन्यांची कमाई तिथे खर्ची पडते.

बर्फाबद्दल थोडक्यात. 30 अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला हिशेबाने 300 ते 350 ग्रॅम बर्फ पुरतो. बाकीचा बाहेरच्या उष्णतेशी लढण्यात वितळतो, म्हणून आपल्या हवेत किलोला किलो हे प्रमाण धरतात. बर्फ बारीक फोडलेला हवा, तळाला एक थर, मग मासळी-बर्फाचे आलटून-पालटून थर, वर जाड थर, आणि वितळलेले पाणी वाहून जाण्यासाठी खाली छिद्र. लादीचे मोठे तुकडे टाकले तर मध्ये हवा राहते आणि टोकांनी मासा चिरडतो. बांगडा आणि ट्यूनासारख्या माशांत थंडावा उशिरा मिळाला की हिस्टामिन तयार होते, ते शिजवूनही जात नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत 2020 मध्ये 20,050 कोटींची गुंतवणूक ठरली. तिच्यातून नवीन बोटींपेक्षा आधी जुन्या बोटींच्या मासळी ठेवण्याच्या माळ्यात उष्णतारोधक अस्तर आणि बंदरावर बर्फ फोडणारी यंत्रे द्यावीत. बर्फाअभावी फेकलेल्या प्रत्येक टनासाठी बोट पुन्हा एक टन मासळी समुद्रातून ओढते.

आमच्या मागण्या यातूनच निघतात. युरिया अन्नद्रव्याधारित अनुदानात टप्प्याटप्प्याने आणा, पण भाव वाढवण्याआधी शेतकऱ्याच्या खात्यात एकराप्रमाणे रक्कम जमा होऊ द्या. एका रात्रीत भाव चढवला तर मार लहान शेतकऱ्यालाच बसेल. त्या रकमेत खत खोल देण्याच्या मजुरीचा वेगळा भाग ठेवा: भातात ब्रिकेटसाठी, कोरडवाहूत दोन चाड्यांच्या पेरणीसाठी. ब्रिकेट यंत्रे पंचायत किंवा सहकारी संस्थेकडे असावीत आणि साठवणीच्या पिशव्यांचे प्रमाण ठरलेले असावे. मृद आरोग्य पत्रिकेतून नत्राचा रकाना काढून टाका. राज्यांच्या बक्षिसात खपाऐवजी खोल दिलेल्या खताचे क्षेत्र धरा. मत्स्यव्यवसायात आस मोजण्याची एक राष्ट्रीय पद्धत, किमान लांबीची किनारपट्टीभर लागू असलेली यादी, आणि बोटीमागे ठराविक परतावा, तोही खोल्याच्या क्रमांकाशी जोडलेला.

याची सुरुवात कुठे करावी, तेही सुचवतो. कोकणात भाताची लावणी आणि मासेमारी बंदी एकाच वेळी येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, जाळी अंगणात दुरुस्तीला पसरलेली असतात आणि भाताची रोपे तरव्यात (रोपवाटिकेत) असतात. जुलैत लावणी होते. म्हणजे पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात त्याच 61 दिवसांत खोले मोजून क्रमांक लावता येतील आणि ब्रिकेटचे क्षेत्रही शेतात जाऊन नोंदवता येईल. त्यासाठी तिन्ही मंत्रालयांचे एकच संयुक्त परिपत्रक मार्चअखेर जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचायला हवे. मेमध्ये आलेल्या परिपत्रकाने ब्रिकेट दाबायलाही उशीर होतो आणि जाळीची ऑर्डरही आधीच गेलेली असते.

कळावे,

जमीन, खते आणि मासेमारी साधनांवर काम करणारे काही तंत्रज्ञ